शेळीने न खाल्लेली पात

आमच्या केडगावच्या कॉलनीत लावण्याआधी कांद्याची परीक्षा घेणारा माणूस एकच, एकनाथराव. गळ्यात सुतळी, सुतळीला पोलादी कडी, समोर चिंगळीची टोपली. चिंगळी म्हणजे बाजारात कोणी विचारत नाही ते सुपारीएवढे कांदे. एकनाथराव एकेक कांदा कडीतून घालणार. पार गेला की "गो!" अडला की "नो गो!" आणि तो थेट माझ्या पायाशी.

नागापूरच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म तपासणी खात्यात गेला. नोकरी संपली, तपासणी चालूच राहिली. घरामागे दोन वाफे, तेही गुण्या लावून काटकोनात.

"लोक रोप लावतात. तुमचं हे काय भलतंच?" मी एकदा विचारलं.

"रोपाचे नखरे लई. चिंगळी मातीत दाबली की झटदिशी पात. पन जाड कांदा लावला तर पुढं डेंगळा येतो, नाना. सगळा जीव फुलाच्या दांड्यात. डेंगळा म्हंजी कांद्यानं दिलेला राजीनामा."

त्यांचा लाडका शब्द टॉलरन्स. मापात किती चूक खपवून घ्यायची, त्याची हद्द. जग ते त्यावरच तोलत. पुतण्यासाठी मुलगी बघून आले तेव्हा म्हणाले, "पोरगी झ्याक हाय. मामा टॉलरन्सच्या भाईर."

अडलेले कांदे शेजारी आमच्याकडे येत. आमच्या हिने त्यातले बरेच एका गळक्या बादलीत खोचून ठेवले होते. ती बादली दिसली की एकनाथराव तोंड फिरवत. "रिजेक्ट माल लावता, वहिनी? कारखाना बंद पडंल तुमचा."

त्यांच्या घरी मात्र पात हा चेष्टेचा विषय नव्हता. मागे एकनाथरावांच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या बायकोने, सरूवहिनींनी, खंडोबाला नवस बोलून ठेवला. नवरा धड घरी येऊ दे, पाच वर्षं आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांद्याला शिवणार नाही, आणि घरच्या पातीचा नैवेद्य दाखवूनच उपास सोडीन.

"काम केलं डॉक्टरनं आन शाबासकी खंडोबाला!" एकनाथराव चिडवायचे. पण नवरात्र सरलं की गुडघे टेकून वाफ्यात तेच. चंपाषष्ठीला पात वीतभर झालीच पाहिजे.

तीन वर्षं नैवेद्य वेळेवर झाला. मग वहिनी गेल्या.

गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा चिंगळी लावली तेव्हा मला वाटलं, सवय. श्रावणात मी गरम कांदाभजी नेली होती, तर "आज पोट टॉलरन्समदी न्हाई" म्हणून ताटली परत केली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी एकनाथराव वांगी आणायला गेले होते. मला झुणक्याची हुक्की आली. समोर हिरवीगार पात. वहिनी नाहीत, आता कोणासाठी ठेवायची? विळा घेऊन गेलो. घेणार होतो मूठभरच. पण पात शिजली की बसते, म्हणून थोडी जास्त घेतली. मग हाताला लय सापडली. भानावर आलो तेव्हा दोन्ही वाफे साफ होते.

घरी झुणका चुलीवरून उतरत होता, तेवढ्यात एकनाथराव परतले; मी लगबगीने वाफ्याकडे गेलो. वांग्यांची पिशवी हातात, नजर वाफ्यावर. त्यांचं तोंड बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "शेळी! आत्ताच हाकलली."

ते वाफ्याशी उकिडवे बसले. कापलेल्या बुडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हिची दोन सालं राह्यली हुती, नाना. ती मी धरली. आषाढीपास्नं कांदा तोंडात न्हाई घातला."

"अहो, पण तुम्ही तर चेष्टा..."

"मी जिता हाय, म्हंजी देवानं त्याचा माल दिला. हिचा माल अर्धाच पोचला. उद्या घरची पात न्हाई, तर ह्या सालाची खेप रिजेक्ट."

घरी गेलो आणि ती गळकी बादली दोन्ही हातांनी उचलून आणली. रिजेक्ट कांद्यांची पात चांगली वीतभर वाढली होती.

एकनाथरावांचा हात सवयीने कडीकडे गेला. मग त्यांनी कडी सदऱ्यात टाकली.

"चालंल," ते म्हणाले. "खंडोबा टॉलरन्स देतो."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. भरीत, भाकरी, पात. त्यांनी पातीचा पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. "तिखट हाय," एवढंच म्हणाले. मग माझ्या ताटात दोन काड्या ठेवल्या आणि हळूच बोलले, "शेळी विळ्यानं कापत न्हाई, नाना. समदे काप एका मापाचे हुते."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"जेवा. कॉलनीत मी शेळीच सांगितलीया."

कॉलनीतल्या एकुलत्या शेळीला अजून लोक दगड मारतात, म्हणून आज लिहून टाकतो. ती निर्दोष आहे.

यंदा शेवटचं साल. एकनाथरावांनी वाफ्यांना जाळीचं कुंपण घातलंय, दाराला कुलूप. कोणी विचारलं तर शेळीसाठी म्हणतात.

किल्ली माझ्याकडे दिली आहे.