तीन वाजता उसासा टाकणारी जमीन

सोमवारी सकाळी आठ वाजता जमिनीला दहा मीटर खोल भोक पाडायचं, असं प्रयोगाचे प्रमुख डॉन लेआंद्रो यांनी ठरवलं होतं. त्यामुळे त्यांची सहकारी एन्कार्ना त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

स्पेनमधल्या आल्मेरिया शहरामागच्या उजाड टेकड्यांत त्यांचं प्रयोगाचं ठिकाण होतं. तिथल्या जमिनीवर शेवाळ आणि दगडफुलांची काळपट साय धरलेली असते. ती एकदा मोडली, की पुन्हा धरायला पन्नास वर्षं लागतात. पुढे पाऊस आणखी कमी झाला तर ही जमीन कार्बन पोटात ठेवेल की हवेत सोडेल, हे पाहण्यासाठी एका तुकड्यावर पारदर्शक पट्ट्यांचं छप्पर होतं. ते पावसाचा तिसरा हिस्सा बाहेर वळवायचं. छपराखालच्या पेटीचं झाकण दर अर्ध्या तासाने मिटायचं आणि जमिनीचा श्वास, म्हणजे तिने सोडलेला कार्बन, मोजायचं. सहा वर्षं एन्कार्नाने त्या सायीवर मांजरालाही पाय ठेवू दिला नव्हता.

गेल्या एकोणीस दिवसांत मात्र आलेख बिघडला होता. दुपारी तीन वाजता, भाजून काढणाऱ्या उन्हात, छपराखालची जमीन अचानक गार व्हायची आणि भरमसाट कार्बन सोडायची. साडेचारला पुन्हा गप्प. एन्कार्नाने तारा बदलल्या, मग बॅटरी बदलली, मग सगळं यंत्रच बदललं. जमिनीचा क्रम चुकला नाही.

"खाली गुहा आहे," डॉन लेआंद्रो म्हणाले. "दुपारी तिच्यातली गार हवा वर येते. भोक पाडू, कळेल."

"सर, रविवारी ही हवा वर येत नाही."

"रविवारी पलीकडच्या खाणीचे ट्रक बंद असतात. हादरे नाहीत, हवा नाही."

"कार्मेन मातेच्या सणालाही आली नव्हती."

"तेव्हाही ट्रक बंदच होते!"

"पण ट्रक सकाळी आठपासून धावतात. गुहा तीनपर्यंत कोणाची वाट पाहते?"

डॉन लेआंद्रो यांनी चष्मा पुसला. "भोक पाडल्यावर तिलाच विचार."

एन्कार्ना आलेखापुढे बसून राहिली. तीन ते साडेचार. या वेळात तिथे काय घडतं, हे एकोणीस दिवसांत कोणीच पाहिलं नव्हतं, कारण या वेळात अख्ख्या गावात कोणी जागंच नसतं. डॉन लेआंद्रो झोपत. ती स्वतः झोपे. जमिनीने आपलं गुपित फार विचारपूर्वक वेळ निवडून ठेवलं होतं.

शुक्रवारी अडीचला तिने गाडीची किल्ली उचलली.

"आत्ता? उन्हात?" डॉन लेआंद्रो कोचावरून अर्धवट उठले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुम्ही झोपा सर."

"झोपतोच आहे!"

ठिकाणी पोचली, तेव्हा पहिल्यांदा तिला शेळ्या दिसल्या. चाळीसेक शेळ्या कुंपणाबाहेर आपापल्या सावलीत उभ्या होत्या. मग दिसलं की छपरावर जाड घोंगडी टाकलेली आहे. आणि छपराखाली, लाकडी फळीवर, पेटीला डोकं टेकून गावातले शेळ्या राखणारे हिनेसकाका घोरत होते. पेटीच्या झाकणाखाली एक धोंडा अडकवलेला होता आणि त्या फटीतून त्यांचा श्वास थेट पेटीत जात होता.

"काका!"

"ओरडू नकोस गं पोरी, शेळ्या बिथरतील." त्यांनी एक डोळा उघडला. "तू आत्ता जागी कशी? घरी कोणी आजारी आहे का?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"झोपलोय. माझं बदामाचं झाड वाळलं यंदा. सावली कुठे उरलीय दुसरी?"

"आणि हा धोंडा?"

"हे झाकण दर अर्ध्या तासाने घर्र करून माझ्या कानावर आपटायचं. नादुरुस्त आहे ते, सांग तुमच्या साहेबांना."

"आणि रविवारी?"

"रविवारी लेकीकडे जेवायला असतो. सणालाही. का, माझी वाट बघत होतात?"

एन्कार्ना गुडघ्यांवर बसली. पुढचा प्रश्न विचारायची तिला भीती वाटत होती. "काका, त्या काळ्या सायीवरून चालत आलात?"

हिनेसकाका उठून बसले. त्यांना खरंच राग आला होता. "मला काय शहरातला समजलीस? त्यावर पाय दिला की जमीन उडून जाते, हे मला बापाने शिकवलंय. फळीवरून आलो. शेळीसुद्धा आत सोडली नाही."

तिने वाकून सगळा तुकडा पाहिला. एक तडासुद्धा नव्हता. तिने इतका मोठा सुस्कारा सोडला, की धोंड्याच्या फटीतून तोही मोजला गेला असणार. मग तिने फोन लावला.

"सर, गुहा झोपून उठलीय. साठीची आहे, मिशा आहेत."

पलीकडे कोच करकरला. "म्हणजे आकडे वाया गेले?"

"रोजचा दीड तास वगळायचा, बस्स. बाकी सगळं शाबूत आहे."

"मग त्या भोकवाल्यांना नको म्हणून सांगतो," डॉन लेआंद्रो म्हणाले. त्यांच्या आवाजात तिला चक्क सुटकेचा भाव जाणवला. "खरं सांगू? गुहा निघाली असती तर मला त्या अंधारात उतरावं लागलं असतं."

एन्कार्नाने धोंडा काढला आणि पेटी जमिनीऐवजी त्यांचाच श्वास मोजत होती, हे काकांना सांगितलं. हिनेसकाका घोंगडीची घडी घालताना घुटमळले.

"पोरी, माझा श्वास या जमिनीपेक्षा जास्त भरला?"

"कितीतरी पट."

"म्हणजे..." त्यांनी रिकाम्या आभाळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यंदाचा पाऊस माझ्यामुळे गेलाय की काय?"

"नाही हो काका. तुम्ही निर्धास्त झोपा," एन्कार्ना म्हणाली. "फक्त कुंपणाच्या पलीकडे. छप्पर मी बांधून देते."