टबाच्या नळीतलं तांबं

महिपतराव घरातून निघाले होते ते प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण संध्याकाळी टेम्पोतून जे काही उतरलं ते बघून गुणवंतीबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"खुर्च्या कुठायत?"

"खुर्च्या संपल्या," महिपतराव म्हणाले. "म्हणून हे आणलं."

'हे' म्हणजे एका वेळी चार माणसं बसतील असा निळा, गोल, फायबरचा गरम पाण्याचा टब होता. (चार माणसं म्हणजे दोन खुर्च्यांच्या दुप्पट सोय झाली, हा युक्तिवाद महिपतरावांनी टेम्पोतच जुळवून ठेवला होता.) गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचं एक रिसॉर्ट नव्यानं बांधायला काढलं होतं आणि जुनं सामान विकून टाकत होते. सगळं मालगुंड सकाळी सातलाच तिथं पोचलं आणि खुर्च्या, पंखे, गाद्या, इतकंच काय, न्हाणीघरातल्या बादल्यासुद्धा उचलून मोकळं झालं. महिपतराव पोचले दहाला, दाढीबिढी करून. तोवर तिथं दोनच नग उरले होते, एक हा टब आणि दुसरा मॅनेजर.

"पंप एकदम चालू आहे," मॅनेजर म्हणाला. "वायरिंग तेवढं बघून घ्यावं लागेल कुणाकडून तरी." मग त्यानं महिपतरावांना नीट न्याहाळलं. "पण तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुम्ही पोफळीचे ना?"

इथं महिपतराव खलास झाले.

पोफळीच्या वीजगृहात त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली, हे अगदी खरं. पण ती टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं, कुणाची रजा, कुणाचा ओव्हरटाइम, हे सगळं ते मोत्यासारख्या अक्षरात मांडत. डोंगराच्या पोटात जिथं वीज तयार होते तिथं ते एकतीस वर्षांत दोनदा गेले, एकदा पाहुण्यांना फिरवायला आणि दुसऱ्यांदा त्या वेळी विसरलेली छत्री आणायला. पण रिटायर होऊन मालगुंडला आले त्याच आठवड्यात वाडीतली लाईट गेली आणि शेजारच्या रावजीनं कुंपणावरून हाक मारली, "महिपतदादा, कधी येल ओ लाईट?" महिपतराव सहज बोलून गेले, "लोड आलाय. अर्धा तास." आणि पंचविसाव्या मिनिटाला वाडी लख्ख झाली.

तेव्हापासून लाईट गेली की पहिला फोन महिपतरावांना. आली तर ती दादांनी आणली, आणि नाही आली तर "वरून व्यवस्थित सोडलीय, खालच्या लाईनीत दोष आहे" असं सांगायला दादा मोकळे. हा मान त्यांना पेन्शनपेक्षा प्यारा होता. उद्या कुणाला कळलं की हा गृहस्थ जन्मभर हजेरी मांडत होता, तर वाडीत आपल्याला कोण विचारणार, या धास्तीनं कधीकधी त्यांना दुपारची झोप लागत नसे.

"आणि ह्याचं करायचं काय?" गुणवंतीबाईंनी टबाभोवती एक फेरी मारून विचारलं.

"तुझ्या गुडघ्यांसाठी आणलाय. डॉक्टर काय म्हणाले? गरम पाण्याचा शेक."

"शेकाला एक तांब्या पुरतो."

"तांब्यात बुडबुडे येतात?"

यावर गुणवंतीबाईंकडं उत्तर नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले होते, म्हणून महिपतरावांना जरा जोर चढला. टब मागल्या दारी विहिरीजवळ चिऱ्यांवर बसवून झाला. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गुपचूप पंप चालू करून बघितला असता. पण पॉवरहाऊसचा माणूस चोरून बटण दाबत नाही. महिपतरावांनी रविवारी चार वाजता सगळ्या वाडीला उद्घाटनाचं बोलावणं धाडलं.

रविवारी मागल्या दारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका विहिरीच्या कठड्याला टेकून, पुरुष माडाखाली. टबाच्या बुडाशी चार कळश्या गरम पाणी, वर विहिरीचं. (पाणी तापवायचा हीटर रिसॉर्टवाल्यांनी आधीच काढून घेतला होता. ही गोष्ट महिपतरावांना घरी आल्यावर कळली.) बाकीचं पाणी गुणवंतीबाई बाहेरच्या चुलीवर हंड्यात तापवत होत्या. रावजी नारळ घेऊन पुढं झाला. समुद्रावर जाणारा माणूस, आवाज असा की खाडीपलीकडं ऐकू जावा. गाऱ्हाणं घालायचा मान वाडीत त्याचाच.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरानं, महिपतदादानं, ह्यो जो काय निळा हौद आणलान..."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"त्यो सुखरूप चालव. वैनींच्या गुडघ्यांना आराम दे. आनि वायरिंगमंदी काय वाकडं नाकडं आसंल त्ये सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. महिपतरावांनी टबाच्या काठावरचं काळं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग अंगठ्यानं, मग तळहातानं. टब ढिम्म.

"लाईट गेली वाटतं," रावजी म्हणाला.

"गेली नाही. पंखा फिरतोय पडवीत."

"मग लोड आला आसंल."

महिपतरावांनी टेस्टर आणला. पॉइंटला लावला, टेस्टर पेटला. इथवर त्यांचं ज्ञान बिनचूक होतं. त्यांनी रावजीला पडवीतल्या मेनस्विचजवळ उभं केलं आणि ओरडून सांगितलं, "बंद कर!"

"केला!"

पंपाच्या पेटीचं झाकण उघडलं. आत लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी होत्या. महिपतरावांनी त्यांच्याकडं पुष्कळ वेळ, गंभीरपणे पाहिलं. मग कुठलंही कारण नसताना लाल काढून काळीच्या जागी आणि काळी हिरवीच्या जागी लावली.

"चालू कर!"

फट् असा आवाज झाला आणि पडवीतला पंखा थांबला. घरातून आनंदीबाई, म्हणजे रावजीची आई, ओरडली, "अगो, मिक्सर बंद पडला! वाटप अर्धंच झालाय!" वाटप म्हणजे आलेल्या सगळ्या माणसांच्या उसळीचं, त्यामुळं वाडी पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं चिंतेत पडली. महिपतरावांनी घाईघाईनं वायरी होत्या तशा लावल्या, झाकण घट्ट केलं, ट्रिप झालेलं बटण रावजीकडून वर करून घेतलं. मिक्सर सुरू झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"दादा, दोष कळला काय?" रावजीनं पडवीतून विचारलं.

"कळत आलाय. बंद कर."

"आत्ताच तर चालू केला!"

"मग राहू दे. नाही, बंद कर. थांब, सांगतो."

रावजी थांबला. तो स्वभावानं अत्यंत आज्ञाधारक होता आणि शेवटची आज्ञा थांबायची होती.

इकडं महिपतरावांचं लक्ष बटणापासून पेटीकडं गेलेल्या जाड काळ्या वायरीवर गेलं होतं. बोटाएवढी जाड! 'हीच मेन केबल' असं त्यांनी जाहीर केलं आणि बटणापासून वीतभर अंतरावर सुरीनं ती कापली. आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. आणखी चार बोटं कापली, तरी पोकळच. महिपतराव हळूहळू उभे राहिले.

"चोरी," ते म्हणाले. "आतलं तांबं काढून घेतलंय."

वाडीत खळबळ उडाली. वरचं रबर शाबूत ठेवून आतलं तांबं काढणारा चोर म्हणजे केवढा बिलंदर! कुणी म्हणालं, आत्ता रिसॉर्टवर चालून जाऊ या. कुणी म्हणालं, आधी उसळ खाऊन जाऊ या. पण महिपतरावांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. दोष सापडला होता, अब्रू वाचली होती, आता फक्त नवं तांबं घालायचं बाकी होतं. त्यांनी उघड्या तांब्याची लांब तार आणली आणि ओल्या पायांनी, टबाला टेकून, त्या नळीत सारायला सुरुवात केली. तार अर्ध्यावर जाऊन अडली.

"जरा आणखी जाऊ दे आत," ते स्वतःशीच म्हणाले. "मग हे टोक लावतो फेजला."

"सरका तिथून."

गुणवंतीबाई मागं उभ्या होत्या. चुलीपासून तशाच उठून आल्या होत्या, डोळे धुरानं लाल, हातात फुंकणी. त्यांनी आधी नवऱ्याच्या ओल्या पायांकडं पाहिलं, मग पडवीकडं.

"रावजीभावोजी, मेनस्विच?"

"चालू हाय वैनी. दादा म्हनाले थांब, म्हनून थांबलोय."

 महिपतराव टबाच्या काठावर मटकन बसले. गुणवंतीबाईंनी त्यांच्या हातातली तार काढून घेतली. मग वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "माझे गुडघे दुखले तर दुखू देत. कुंकू राहू दे जाग्यावर."

  महिपतरावांनी मान हलवली.

गुणवंतीबाईंनी मेनस्विच बंद करायला लावलं, आणि खरंच बंद झालं का ते स्वतः जाऊन पाहिलं. मग पदर खोचून नळी हातात घेतली.

"ह्यात तांबं नव्हतंच कधी," त्या म्हणाल्या. "पोकळ नळी आहे ही. बटण दाबलं की आतून वारा जात असणार. नाहीतर पाण्यात बसलेल्या माणसाच्या हाताशी कोण विजेची वायर ठेवेल?"

हे इतकं सरळ होतं की कुणालाच पटकन पटलं नाही. पण त्यांनी झाडूचा हीर काढून नळीत घातला, फिरवला आणि बाहेर ओढला. सोबत लाल माती आली. वाळलेली, गोळीगोळीची, आणि मागोमाग एक सुकलेली अळी.

"कुंभारीण," कठड्यावरच्या बायका एका आवाजात म्हणाल्या. मातीचं घर करणारी ती माशी. कुलपाचं भोक म्हणू नका, गॅसची शेगडी म्हणू नका, मोकळी नळी दिसली की हिनं लिंपलीच. मालगुंडच्या प्रत्येक घरात ती भाडं न देता राहते. रिसॉर्ट बंद होतं तेवढ्या दिवसांत नळी बटणातून सुटून पडली असणार, आणि तिनं इथं बाळंतपण उरकलं होतं.

"आता चालू करा," गुणवंतीबाई म्हणाल्या. त्यांनी नळीचं टोक ओठांना लावलं आणि चूल पेटवताना घालतात तशी एक फुंकर घातली.

आत 'टिक' झालं. पंप घुरघुरला आणि टबाच्या चारी अंगांनी पाणी असं उसळलं की पुढं वाकून बघणारा रावजीचा भाऊ दादू डोक्यापासून पायापर्यंत भिजला. पोरं नाचायला लागली. रावजीनं पडवीतूनच "व्हय म्हाराजा!" ठोकलं.

"वैनी, कुठं शिकलात ओ?" दादूनं तोंड पुसत विचारलं.

गुणवंतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. काठावर बसलेला, भिजलेला, पडलेला चेहरा.

"ह्यांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "पोफळीला असताना."

वाडीनं माना डोलावल्या आणि उसळीकडं मोर्चा वळवला.

बटणाजवळची नळी महिपतरावांनीच कापून ठेवलेली. त्यामुळं पंप तेव्हापासून फुंकरीवरच चालतो. रोज पाच वाजता गुणवंतीबाई पाण्यात बसतात आणि महिपतराव फुंकतात. (पहिले चार दिवस त्यांना खोकला झाला. फुंकायलाही अनुभव लागतो.) पंधरा दिवसांत गुणवंतीबाई पडवीच्या पायऱ्या कठडा न धरता उतरू लागल्या आणि महिपतरावांना आयुष्यात काहीतरी जोडता आलं असं मनापासून वाटलं.

फक्त बायकोचं ते खोटं त्यांना टोचत होतं. आपला मान राखायला ती चारचौघांत खोटं बोलली. एका शनिवारी रावजी जाळी ओढून धरलेली कंबर शेकायला आला. दोघंही पंचे नेसून गळ्यापर्यंत बुडबुड्यांत बसले होते, समोर माडांआड सूर्य उतरत होता, आणि महिपतरावांना वाटलं, सांगून टाकावं. फार तर काय होईल? फोन बंद होतील.

"रावजी, एक सांगायचंय. मी पोफळीला वीज बनवत नव्हतो."

"बरं."

"टाइम ऑफिसात होतो. हजेरी मांडायचो. विजेतलं मला काही म्हणजे काही कळत नाही."

रावजीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"ठावं हाय ना, दादा. आमचा दादू पाच वर्सं तितंच कॅन्टीनला होता, कंत्राटावर. तुमच्या हजेरीत नवता. तुमी रिटायर झालात त्या दिवशीच त्यानं सांगितलान सगळ्या वाडीला."

महिपतराव पंचा सावरत बुडबुड्यांतून अर्धे वर आले. 

"मग लाईट गेली की मला फोन कशाला करता रे सगळे?"

रावजीनं कंबर आणखी थोडी पाण्यात सारली.

"अवो दादा," तो मायेनं म्हणाला, "लाईट गेली की टीव्ही बंद. मग मानसानं ऐकायचं तरी काय?"