बदकांच्या पाठीमागचा कागद

मी फक्त एक कागद बदकांच्या मागे लपवला. बाकी सगळं आपोआप झालं.

आधी कागदाचं सांगतो. मी फ्रेमा बनवतो. साथीच्या दिवसांत दवाखान्यात एक फ्रेम पोचवायला गेलो, तर नर्सबाईंना वाटलं मी रांगेतलाच. "बाही वर करा," त्या म्हणाल्या. मी केली. (मला नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात एकसारख्या तीन छत्र्या आहेत, कारण विकणारा तीनदा दारात आला.) लस टोचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर माझं पूर्ण नाव, शिक्का, सही, सगळं.

शाळा मी आठवीतच सोडली. शाळेकडून मला मिळालेला एकुलता एक कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आजवर हजारभर लोकांची सर्टिफिकेटं मी काचेत बसवली असतील, पण माझ्या नावाचं हे पहिलंच. दंड दुखत होता, तरी छाती फुगवून घरी आलो.

घरी सासरे बसले होते. सासरे बसचे ड्रायव्हर. आगारात हुकूम निघाला होता की लस घेतल्याचा कागद दाखवा, नाहीतर घरी बसा. सासऱ्यांनी कागद दाखवला नाही. ते घरी बसले. म्हणजे आमच्या घरी येऊन बसले, रोज, आणि चहाच्या प्रत्येक कपासोबत सक्तीच्या विरोधात एकेक भाषण. त्या दिवशी त्यांनी माझ्या नेमक्या त्याच दंडावर थाप मारून विचारलं, "काय जावईबापू, तुम्ही आपल्यातलेच ना?"

"हो," मी डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणालो.

त्यांना फार भरून आलं. मुलीला म्हणाले, "बघ, किती जिव्हाळ्याने बोलतो!"

आता तो कागद घरात ठेवायचा कुठे? फाडवत तर नव्हता. भिंतीवर बायकोने शाळेत असताना काढलेलं एक चित्र होतं: तळ्यात दोन बदकं. (त्यातलं एक किटलीसारखं दिसतं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही.) मी चित्र उतरवलं, मागचा पुठ्ठा काढला, कागद आत सरकवला आणि पुठ्ठा दोन बारीक खिळ्यांवर परत बसवला. गिऱ्हाइकाच्या फ्रेमला मी आठ मारतो. पण घरचंच काम, कोण बघतंय?

वर्ष गेलं. मग एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, आज बाबांच्या मदतनिधीचा कार्यक्रम आहे ना, लक्षात आहे ना? कागद दाखवला नाही म्हणून ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या कोर्टाच्या खर्चासाठी. प्रत्येकाने घरातली एक वस्तू लिलावाला द्यायची आहे. मी बदकं दिली."

"कुठली बदकं?"

"आपल्याकडे किती आहेत?"

मी चपला उलट्या घालून हॉलवर पोचलो. बदकं टेबलावर एक लोकरी टोपी आणि एका प्रेशर कुकरच्या मधे मांडलेली. मी हळूच हात लावला.

"ओ भाऊ," टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही. बोली लावायची."

लिलाव पुकारायला आमचे न्हावी होते, कारण सबंध वस्तीत सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. कुकर गेला. टोपी गेली. मग त्यांनी बदकं उचलली. "हे सुंदर चित्र! तळं, बदक आणि... किटली!"

पहिली बोली मी लावली. कुणाला हवी असणार बदकं? पण मागून दुसरा हात वर आला. वळून पाहिलं तर सासरे. लेकीने लहानपणी काढलेलं चित्र त्यांनाही घरी न्यायचं होतं.

एरवी मी सासऱ्यांसमोर जांभईसुद्धा देत नाही. पण ते जिंकले तर फ्रेम त्यांच्या घरी जाणार, खिळे दोनच, पुठ्ठा निघणार, आणि आपला म्हणून मिरवलेला जावई खोटारडा निघणार. मी परत हात वर केला. त्यांनीही केला. बोली माझ्या चपलांची किंमत ओलांडून सायकलवर गेली, सायकलवरून शिलाई मशीनवर.

"सोडा की हो, जावईबापू!"

"माफ करा, बाबा." माझा हात वरच.

"बायकोवर प्रेम असावं तर असं!" न्हावी ओरडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको पदराने डोळे पुसत होती. "एक वार... दोन वार... तीन वार!"

बदकं माझी झाली. सासऱ्यांनी धावत येऊन मला कडकडून मिठी मारली. मधे फ्रेम होती. दोन खिळ्यांना जेवढं जमलं तेवढं त्यांनी केलं. पुठ्ठा पडला, आणि त्यामागोमाग तरंगत तरंगत कागद.

सासरे वाकले, कागद उचलला आणि एकदम डोळे गच्च मिटून घेतले. तसेच चाचपडत त्यांनी तो माझ्या छातीशी धरला.

"खिशात घाला. कुणाचा कागद कुणी बघायचा नाही. त्यासाठीच तर मी बस सोडली."

माझ्याने राहवलं नाही. "बाबा, मी लस घेतलीय. तुमच्याशी खोटं बोललो."

"मग? मीही घेतलीय. तुमच्या सासूबाई हाताला धरून घेऊन गेल्या होत्या."

"तुम्ही? मग कागद का नाही दाखवला?"

"घेतली म्हणून दाखवायची? मी शर्टाच्या आत बनियन घालतो, ते आगारात दाखवत फिरत नाही!" त्यांनी डोळे उघडले. "आपल्यातले ना, म्हणजे सक्तीच्या विरोधातले ना, एवढंच विचारलं होतं मी. लसीचं कोण विचारतंय!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. वर्षभराचं ओझं खाली उतरलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. बायको माझ्या खांद्यावरून कागद वाचत होती. (वडिलांची तत्त्वं मुलीत उतरतातच असं नाही.)

"अहो, म्हणजे शिलाई मशीनच्या वर बोली नेली ती माझ्या चित्रासाठी नाही? या कागदासाठी?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा मला "नाही" म्हणायची खरी गरज होती. एवढासा तर शब्द.

"हो," मी म्हणालो.

बदकं तिने तिथल्या तिथे वडिलांना फुकट देऊन टाकली. आता आमच्या भिंतीवर त्याच खिळ्याला माझा लशीचा कागद टांगलेला आहे, कारण एवढी महाग वस्तू घरात दुसरी नाही, असं तिचं म्हणणं. सासरे अजूनही रोज येतात आणि तत्त्वाचे पक्के असल्यामुळे त्या भिंतीकडे पाठ करून चहा पितात.

मला मात्र खरं सांगायचं तर छान वाटतं. माझ्या नावाचा कागद, काचेत, भिंतीवर. फक्त फ्रेम तिने समोरच्या दुकानातून करून आणली. म्हणाली, तुमचे खिळे टिकत नाहीत.