हलकेच ढकललं

साहेब म्हणजे ताईचा कुत्रा. आखूड पाय, चपटं नाक, वजन मात्र भरल्या सिलिंडरएवढं. आणि रुबाब असा, की घरातले सगळे त्याला अहोजाहो करत. ताई लेकीकडे जाताना साहेबांना धाकट्या भावाकडे, म्हणजे सुताराकडे सोडून गेली. "उन्हात फिरवू नकोस, आणि पाण्याजवळ तर अजिबात नेऊ नकोस," असं तिने बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ऊन असं तापलं, की साहेबांची जीभ फरशीला टेकली. सुताराला गलबलून आलं. "चला साहेब, तळ्यावर डुंबून येऊ."

"अहो, ताई काय म्हणाल्या होत्या?" बायकोने आठवण करून दिली.

"अगं, कुत्र्याला काय पोहायला शिकवावं लागतं? उपजतच येतं ते!"

तळ्याच्या धक्क्यावर साहेबांनी पाण्याचा वास घेतला आणि बूड टेकलं. सुताराने गोंजारलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं. शेवटी मागून हलकेच ढकललं. हलकेच म्हणजे अगदी हलकेच, हे तो पुढे भेटेल त्याला सांगत राहिला.

साहेब धोंड्यासारखे तळाशी गेले. वर बुडबुडे आले. मग तेही येईनात.

सुताराने चपलांसकट उडी घेतली. पाणी छातीपर्यंत. चाचपडत त्याने साहेबांना उचललं आणि धक्क्यावर ठेवलं. साहेब खोकले, भडाभडा पाणी ओकले, आणि त्यांनी सुताराकडे असं पाहिलं, की त्याला परत पाण्यात जावंसं वाटलं.

"अहो, ही जात पोहणारी नाही," साहेबांची छाती तपासत जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न्यायचंच तर तरंगणारं जॅकेट घालून, तेही उथळ पाण्यात. आता श्वासावर लक्ष ठेवा."

सुतार काम बंद ठेवून साहेबांचं पोट वरखाली होताना बघत बसला. साहेब सावरले, पण तो खोलीत असला की भांड्यातल्या पाण्यालाही तोंड लावेनात. मग बिचारा भर उन्हात अंगणात जाऊन उभा राहायचा. बायको आतून ओरडायची, "प्यायले! या आता!"

ताई परतली तेव्हा त्याने घडाघडा सगळं सांगून टाकलं. ताईने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"पाणी छातीएवढंच आहे, हे आधी ठाऊक होतं तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि तुला कुठे रे पोहता येतं?"

हे मात्र आजवर सुताराच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो साहेबांशेजारी मटकन खाली बसला.

साहेब उठले, आणि ताईच्या पलीकडे जाऊन बसले.