कोचबद्दल मी काहीच बोललो नव्हतो

विद्यापीठाच्या नियामक मंडळाची निवडणूक मी एकाच मुद्द्यावर जिंकून दाखवतो, असं मी बायकोला, नॅडीनला, छातीठोकपणे सांगितलं होतं. मुद्दा होता आमच्या गावातलं शेतकी कॉलेज. खर्च झेपत नाही म्हणून मंडळ ते बंद करायला निघालं होतं. मी, मर्ल झेलेनी, या भागातला गुरांचा डॉक्टर. माझे निम्मे मदतनीस त्याच कॉलेजात शिकलेले. कॉलेज गेलं तर गावात उरणार काय? धान्याचं एक कोठार आणि दोन चर्च, तीही एकमेकांशी न बोलणारी.

नॅडीन म्हणाली, "मत द्यायचं लोकांनी, आणि लोकांना असं काही मंडळ असतं हेच ठाऊक नाही."

"मी समजावून सांगेन."

"तीच तर भीती आहे."

मी समजावत सुटलो. जत्रेत, गुरांच्या बाजारात, वाचनालयात. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, फुटबॉलच्या कोचचं काय करणार? विद्यापीठाचा संघ तीन हंगाम सपाटून मार खात होता. कोच नेमणं मंडळाच्या हातात नसतं, असं मी सांगायचो. मग लोक माझं पत्रक घडी घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारायचे.

अग्निशमन केंद्रातल्या पॅनकेकच्या नाश्त्याला तर माझं भाषण कुणी ऐकलंच नाही. मी निमूटपणे पाक ओतत होतो, तेवढ्यात माझा जुना मित्र ऑर्व्हिल आला. त्यानं तीन वर्षांपूर्वी हौसेनं महागडा वळू आणला होता आणि अजून एकही गाय गाभण राहिली नव्हती. त्याचं काय करू, म्हणाला. त्याच वेळी मागून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार मला कोचबद्दल विचारत होती, हे मला त्या गोंगाटात कळणार कसं! मी ऑर्व्हिलला मोठ्यानं म्हणालो, "तीन वर्षं झाली, निकाल शून्य. नुसता खातो आणि कडेला उभा राहतो. दे हाकलून!"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर होतं. मी घाईघाईनं वर्तमानपत्राला फोन करून सांगितलं, की मी कोचबद्दल नाही, एका निकामी वळूबद्दल बोलत होतो. तिसऱ्या दिवशीच्या अंकात मथळा आला: 'कोच म्हणजे निकामी वळू - झेलेनी'.

आठवड्याभरात अंगणाअंगणात पाट्या उभ्या राहिल्या: 'दे हाकलून! झेलेनींना मत द्या.' लोक ऑर्व्हिलच्या कुंपणापाशी गाड्या थांबवून वळूबरोबर फोटो काढू लागले. मी सभेत उभा राहून नुसतं "कॉलेज" म्हटलं, की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि पुढचं वाक्य त्यात वाहून जायचं. खरं सांगायला हवं होतं, मान्य. दोनदा सांगूनही पाहिलं. पण मतं वाढत असली की माणसाचा घसा आपोआप बसतो.

मी प्रचंड मतांनी निवडून आलो. बारा वर्षं ती जागा अडवून बसलेल्या प्रतिस्पर्ध्यानं अभिनंदनाचा फोन केला. वळूची कल्पना कोणाची, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

पहिल्या बैठकीला सभागृह फुटबॉल संघाच्या टोप्यांनी भरून गेलं होतं. अध्यक्षा थोरसनबाई मला बाजूला घेऊन गेल्या. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर, कोचच्या कराराचा घोळ आहे. वकील आत बसलेत. आज त्याचं नाव काढू नका. बदल्यात काय हवं ते सांगा."

नाव काढायचा माझा विचारच नव्हता. जो डोंगर चढायचाच नव्हता, तो चढू नये म्हणून कुणी बक्षीस देऊ करावं, तसं झालं.

"आमचं शेतकी कॉलेज चालू ठेवा," मी म्हणालो.

"एवढंच?" बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि गाड्या लावायची जागा यांच्या मधोमध ठराव मंजूर झाला. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र गाडीत जाऊन बसलो आणि डोळे पुसल्याशिवाय किल्ली फिरवता येईना.

गावात शिरलो तो थेट कॉफी प्यायला नेहमीच्या हॉटेलात गेलो. माझ्या प्रचाराच्या पाटीवर बसवून कुणीतरी पोरांना बर्फावरून घसरगुंडी खेळवत होतं, ते खिडकीतून दिसत होतं. ऑर्व्हिलनं खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

"तिथं जाऊन गप्प बसलास म्हणे," तो म्हणाला.

"अरे, आपलं कॉलेज वाचवलं मी!"

ऑर्व्हिलनं कॉफीत आणखी एक चमचा साखर घातली.

"कॉलेजचं राहू दे, मर्ल," तो म्हणाला. "शनिवारच्या मॅचचं काय करायचं, ते बोल."