वाघाची संमती

एका जंगलात सगळे प्राणी समान होते. तसं तिथल्या खडकावर कोरलंच होतं, बाळांनो. कोरलं म्हाताऱ्यांनी. वणव्यात अर्धं जंगल जळाल्यावर त्यांना अक्कल आली होती.

खडकावर आणखी दोन ओळी होत्या. दुसऱ्याची जागा बळकावू नये. आणि ज्याने पंचायत मानली, त्याच्यावरच पंचायतीत खटला चालेल.

मानायची रीत सोपी होती. खडकापुढे यायचं आणि मान डोलवायची. चंद्री हरणीचा सासरा, म्हातारा काळवीट, अख्ख्या कळपाच्या वतीने सर्वांत आधी धावला. त्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली. वाघही त्या दिवशी आला होता. त्याने भाषण केलं आणि मान न डोलवता निघून गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. भाषण फार सुंदर होतं.

मग एका उन्हाळ्यात वाघ हरणांच्या तळ्यावर येऊन बसला. बसला तो बसलाच. चंद्रीचं पाडस तहानेने उभं राहीना. ती पंचायतीत गेली.

सरपंच कासव म्हणालं, "आम्हाला तीव्र चिंता वाटते."

"चिंता राहू द्या, आजोबा. त्याला उठवा."

कासवाने वाघाला बोलावणं धाडलं. वाघाने तळ्यावरूनच उत्तर दिलं, "पंचायतीचा मी आदर करतो. मानत नाही."

"मग खटला चालत नाही, बाई," कासव म्हणालं. "संमतीचं तत्त्व आहे. सगळा पायाच तो."

"माझं पोर मरतंय."

"त्यासाठी वेगळं तत्त्व आहे. ते अजून कोरायचंय."

काळवीट कुजबुजला, "सूनबाई, चारचौघांत आवाज चढवू नये. आपली रांग जाईल."

"रांगेत पाणी मिळतं का, मामंजी?"

चंद्री पाडसाला ढकलत नीलगाईंच्या ओढ्यावर घेऊन गेली. पाडस जेमतेम घोटभर पाणी प्यायलं, तोच नीलगाय आडवी आली.

"हद्द आमची आहे. विचारलंस?"

"तहानलंय गं ते."

"उद्या सगळेच तहानतील."

या वेळी मात्र खटला चालला. कळपाने पंचायत मानली होती ना. दुपार कलायच्या आत निकाल लागला. पाडसाने हद्द ओलांडली, सबब पाडस पंचायतीच्या ताब्यात द्यावं.

पण आणणार कोण? कासवाला दात नव्हते. बाकीच्यांना ऊन लागत होतं.

"मी आणतो," वाघ म्हणाला. "मी पंचायत मानत नसेन, पण कायद्याचं राज्य टिकलं पाहिजे."

वाघ तळ्यावरून उठला. चंद्री पाडसापुढे उभी राहिली. काळविटाने तिला शिंगांनी बाजूला लोटलं. पंचांसमोर त्याला फार लाज वाटत होती.

पाडस पंचायतीपर्यंत पोचलं नाही.

संध्याकाळी कासवाने खडकावर नवी ओळ कोरली. तळ्याचा वाद शांततेच्या मार्गाने मिटला असून वाघसाहेबांनी जागा स्वेच्छेने सोडली आहे. सगळ्या थोरांनी टाळ्या वाजवल्या. चंद्री वाळलेल्या गवतावर जीभ फिरवत होती. तिथे रक्त सांडलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, कायदा नेहमी पाळावा. वाघ तो पाळत नाहीत. तुम्हीही पाळला नाहीत, तर कायदा आहे हे म्हाताऱ्यांनी दाखवायचं कुणावर?