कमलताईंची मिठाची मूठ

कमलताईंच्या स्वयंपाकघरात मीठ गुपचूप पडायचं नाही, त्याची द्वाही फिरायची. मूठ पातेल्यावर नेऊन त्या खड्या आवाजात ओरडायच्या, "मीठ पडतंय!" आणि आसपास जो कुणी असेल त्यानं उत्तर द्यायचं, "पडलं!" एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. टाकी खांद्यावर तशीच धरून बिचारा "पडलं, पडलं" म्हणाला, तेव्हा कुठे त्याला वाट मिळाली.

मी त्यांची वाईतली शेजारीण, पेशानं मास्तरीण. सुट्टी असली की त्यांच्याबरोबर वाढायला जायची. वाढणं निमित्त, खरी हौस बघायची. मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, असे स्वयंपाक कमलताई साताऱ्यापासून सांगलीपर्यंत करायच्या. नैवेद्याचं अन्न देवाला दाखवेपर्यंत चाखायचं नाही, हा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता. दोनशे पानांची आमटी आणि जिभेवर थेंब नाही! "जिभेला काय विचारायचं? हाताला ठाऊक असतं," म्हणून मूठ टाकायच्या, आणि ती बरोबर बसायची.

नव्वद सालानंतर, त्या पन्नाशीला टेकल्या आणि काहीतरी बिनसलं. डिसेंबरात आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय, आणि ह्या अंगणात पदरानं वारा घेतायत. "आत कुणी बंब पेटवलाय गं माझ्या!" झोप लागायची नाही. शब्द सापडायचे नाहीत. "मंदा, ते दे गं, ते... तळायचं, भोकाभोकाचं!" मी झारा द्यायची. एका जागी बसणं तर नाहीच. त्यांचं वाक्य ओट्यापाशी सुरू व्हायचं, अंगणात वळसा घ्यायचं, आणि शेवटचा शब्द त्या परत येताना घेऊन यायच्या, तोही आठवला तर.

अशातच सांगलीची वास्तुशांत आली. आमटीत मीठ टाकलं, अंगाची लाही झाली म्हणून मागच्या दारी गेल्या, तोंडावर पाणी मारून आल्या आणि पुन्हा मूठ टाकली. चाखायचं तर नाही! नैवेद्य दाखवला. देवानं हूं की चूं केलं नाही. पहिल्या पंगतीत यजमानांचे सासरे मात्र भुरका मारून असे थिजले, की समोर फोटोवाला उभा असावा. मदतीला असलेली शेवंताबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं ताई, ही आमटी न्हाई, समिंदर हाय!"

तेव्हापासून ही द्वाही सुरू झाली. मी येईल त्याला तिची नक्कल करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची.

एका सकाळी कमलताई माझ्या दारात आल्या. आत येईनात, जाईनातही. नुसती दाराची कडी वर-खाली करत होत्या.

"मंदा, मी सगळी कामं सोडते."

"एका आमटीसाठी?"

"माझी आई शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? माझंही तेच सुरू झालंय."

ती नक्कल मी पुन्हा केली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना साताऱ्याला लेडी डॉक्टरांकडे नेलं.

तिथेही त्या खुर्चीभोवती फिरत होत्या. मी विसरण्याचं आणि त्यांच्या आईचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं.

"ती? दोन महिने येते, चार महिने गायब. कामावरच्या गड्यासारखी."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग समजावून सांगायला लागल्या. पाळी जायच्या वेळी शरीरातलं जे द्रव्य कमी होतं, ते मेंदूलाही लागत असतं. म्हणून अंगातून वाफा, म्हणून झोप नाही, आणि म्हणून विसरणं. "बहुतेक बायकांचं हे हळूहळू निवळतं. आईचं कितव्या वर्षी सुरू झालं?"

"पंचाहत्तरीनंतर."

"मग हे ते दिसत नाही. रक्त तपासू, झोपेचं बघू. फक्त विसरणं वाढलं तर कुणीतरी मला कळवायला हवं. घरी कोण असतं?"

कमलताई नखाशी चाळा करत राहिल्या. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता नंदू शिरवळच्या कारखान्यात, वाईपासून तासाभराच्या वाटेवर. तो दिवाळीला येई आणि भाऊबीज आटोपली की निघे.

"मंदा असते," त्या शेवटी म्हणाल्या.

स्टँडवर गाडीला अवकाश होता. कमलताई बाकावर बसल्या. चांगली पाच मिनिटं बसल्या. मग पिशवीतून निळं आंतर्देशीय पत्र काढून माझ्याकडे दिलं. घड्या पडून पडून ते मऊ झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी लिहिलेलं, न चिकटवलेलं.

'चि. नंदूस, पुढे कधी मी तुला ओळखलं नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा मी तुझी आई नसेन असं समज. पण आत्ता आहे. दोन दिवस राहायला ये.'

मी पत्र वाचून पुन्हा घडी घातली. "फाडून टाकू?" मी विचारलं.

"फाडतेस कशाला? पेन दे."

त्यांनी सुरुवातीची वाक्यं नीट, एकेक शब्द करून खोडली. शेवटचं तेवढं ठेवलं. मग जरा विचार करून त्याखाली लिहिलं, 'काम काही नाही.' आणि गाडी लागायच्या आत पोस्टाची पेटी गाठायची म्हणून भराभर चालू लागल्या.